तानुअक्काच्या गाया

सनद मला बार कौन्सिलने दिली, पण कायदा शिकवला तो माझ्या मावशीने, आणि तोही शिव्या देत देत. ती शाळेत गेलेली नव्हती. कोर्टाची पायरी ती आयुष्यात एकदाच चढली, आरोपी म्हणून.

तानुबाई ही माझ्या आईची थोरली बहीण. सोनगीरच्या अलीकडे तिचं सासर. त्या गावात लहानथोर सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. चार एकर कोरडवाहू, दोन म्हशी आणि एक नवरा. लग्नानंतर हा नवरा काही बोलल्याचं गावात कोणाला आठवत नाही. त्याला संधी मिळाली नसावी. अक्काचा आवाज असा की ती ओट्यावरून म्हशीला ओरडली तर हमरस्त्यावरचा ट्रकवाला ब्रेक मारायचा. आणि ती नुसतं ओरडत नसे, शिव्या देई. म्हशीला देई, पावसाला देई, ग्रामसेवकाला देई. चूल पेटली नाही तर चुलीला देई आणि पेटली तर धुराला.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. आमच्या अहिराणीत ळ टिकत नाही, त्याचा य होतो. धुळ्याचं धुये होतं, जळगावचं जयगाव. शिवीला आमच्याकडे गाळ म्हणतात, तिचीही गाय होते, आणि चारसहा एकदम दिल्या की गाया. त्यामुळे 'गाया दिन्यात' म्हणजे शिव्या दिल्या. गोठ्यातल्या गाईचा यात काही संबंध नाही. आम्हाला कधी घोटाळा झाला नाही. गाय दूध देते आणि गाया तानुअक्का देते, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

अक्काच्या गायांचा सगळ्यात मोठा वाटा जायचा भिकुबाईकडे. भिकुबाई म्हणजे तिची धाकटी जाऊ. तिला ऐन तिशीत वैधव्य आलं, एकच मुलगा, तोही जळगावला केळीच्या ट्रकवर. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. सकाळी सडा टाकताना भांडण सुरू व्हायचं ते सडा वाळेपर्यंत. भिकुबाईला ताप आला की अक्का तिच्या भाकरी थापून द्यायची आणि थापता थापता तिचा उद्धार करायची. भिकुबाई गोधडीतून बारीक आवाजात उलट उत्तर द्यायची. तिने उत्तर दिलं नाही की अक्का घाबरायची आणि मग वैद्याला बोलावणं जायचं.

हे सगळं एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत सुरळीत चाललं. मग गावात गोबरगॅस आला.

लोटन हा अक्काच्या गल्लीतला प्रतिष्ठित माणूस. पांढरी टोपी, दूध सोसायटीचा चेअरमन, बोलणं गुळगुळीत. त्याने कोणाला कधी वाईट शब्द वापरला नाही आणि कोणाचं कधी काडीचं भलंही केलं नाही. सरकारी योजनेत त्याला गोबरगॅस मंजूर झाला आणि त्याने घरापुढे खड्डा खणला, चांगला दीड पुरुष खोल. हापशावरून पाणी आणायच्या वाटेला अगदी खेटून. मग गवंडी दुसरीकडे गेला, काम थांबलं आणि खड्डा तसाच उघडा राहिला. कडेला ना काटे, ना दगड, ना फळी.

वीसेक दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, भिकुबाई डोक्यावर हंडा घेऊन वळणावर आली आणि खाली गेली. खुबा मोडला. धुळ्याला दवाखान्यात पायाला वजन बांधून दीड महिना पडून होती.

गाव हळहळलं. पण गावाचं दूध लोटनच्या सोसायटीत जात होतं, त्यामुळे हळहळ लवकर आटोपली. लोक म्हणू लागले, बाई पाहून चालत नाही. तिला आताशा कमी दिसतं. डोक्यावर हंडा, त्यात नवं लुगडं, पाय अडकला असेल. लोटन तर अगदी हात जोडून सांगायचा, "मी काय ढकलं का तिले? मना मनमा काही वाईट व्हतं का?" भिकुबाईचा मुलगा जळगावहून आला, त्यानेही आईलाच विचारलं, "तुले खड्डा दिसना नही?" भिकुबाई छताकडे बघत राहिली.

अक्का चौकीवर गेली. तिथल्या जमादाराने विचारलं, "ढकललं का कोणी? नाही ना? मग फौजदारी होत नाही. हे दिवाणी प्रकरण आहे. वकील गाठा."

म्हणून ती धुळ्यातल्या देवपूरला माझ्याकडे आली. माझं ऑफिस म्हणजे घरमालकाच्या जिन्याखालची जागा. सनद मिळून सात महिने झाले होते, आणि आलेला प्रत्येक अशील पुढच्या वकिलाचा पत्ता विचारून गेला होता. अक्का चपला काढून खुर्चीवर मांडी घालून बसली. "भटू, फौजदारी म्हंजे काय आनि दिवानी म्हंजे काय, नीट सांग. पुस्तकमाधलं सांगू नको."

मी पुस्तकातलंच सांगितलं. समाजाविरुद्धचा गुन्हा, व्यक्तीविरुद्धचा अपकार, शिक्षा, नुकसानभरपाई. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे ज्याना सरकारले राग येस ती फौजदारी. आनि सरकारले राग येत नही, आपले एकलाले येस, ती दिवानी."

मी तीन वर्षं लॉ कॉलेजात घालवली होती. इतकी सोपी व्याख्या तिथे कोणी सांगितली नव्हती. मला थोडा रागच आला.

"आनि हेतू?"

"हेतू म्हणजे करताना माणसाच्या मनात काय होतं ते."

"आनि तो दुसरा, निष्काळजीपना?"

"म्हणजे काळजी घ्यायला हवी होती, पण मनात ती आलीच नाही."

"मंग बराबर शे," अक्का म्हणाली. "लोट्याना मनमा कव्हयच काही येत नही."

मी तिला समजावलं की निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येते, इतकंच काय, जमादार काहीही म्हणो, फौजदारीही होऊ शकते. पण पुरावा लागतो. खड्डा उघडा होता, लोटनला ते माहीत होतं, आणि माहीत असून त्याने काही केलं नाही, हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. आता तर त्याने त्यावर पक्कं झाकण बसवलं होतं. मी गावात जाऊन आलो. अकरा घरी चहा प्यायलो. खड्डा कोणी पाहिलाच नव्हता. एकजण तर म्हणाला, खड्डा होता का तिथे? त्याचं घर खड्ड्याच्या समोर आहे.

"आनि मी सांगं तर?" अक्काने विचारलं.

"तू घरची. शिवाय तुझ्यावरच केस आहे."

ती केस अशी. भिकुबाई पडल्यानंतर चौथ्या दिवशी अक्का दवाखान्यातून गावी आली आणि बघते तर खड्डा अजून उघडाच. लोटन खड्ड्याच्या कडेला उभा राहून दात कोरत होता. मग अक्काचं तोंड सुटलं. पाऊण तास. बायका हंडे खाली ठेवून बसल्या. लोटन एक शब्द बोलला नाही, पण संध्याकाळी चौकीवर जाऊन फिर्याद दिली. सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारले, कलम दोनशे चौऱ्याण्णव. आणि हा मात्र दखलपात्र गुन्हा निघाला. भिकुबाईच्या खुब्यावरून सरकारला राग आला नव्हता, लोटनच्या अब्रूवरून आला. मी अक्काला जामिनावर सोडवून आणलं.

तारखेच्या आदल्या आठवड्यात मला फिर्यादीची नक्कल मिळाली आणि मी जिन्याखाली उभा राहून नाचलो. डोकं वर आपटलं. लिहिणारा हवालदार आपल्याच भागातला, त्याने लोटन जसा बोलला तसं उतरवून घेतलं होतं आणि फक्त शेवट शुद्ध केला होता. वाक्य असं होतं: 'आरोपी तानुबाई हिने चारचौघांसमक्ष माझ्या मयत आईच्या नावाने मला मोठमोठ्या गाया दिल्या.'

मॅजिस्ट्रेट साहेब नुकतेच रत्नागिरीकडून बदलून आलेले. त्यांना अहिराणीचा गंध नाही. कागद वाचून एवढंच दिसत होतं की एका बाईने शेजाऱ्याच्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ गोदान केलं. यात अश्लील काय? मी उठायचं, फिर्याद वाचून दाखवायची, संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे तत्त्व सांगायचं आणि खाली बसायचं. माझी पहिली केस मी जिंकणार होतो.

मी अक्काला हे सांगितलं. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग एकदम थांबली.

"मंग लोट्याले बोलनं पडाव नही?"

"गरजच नाही. केस तिथेच संपेल."

"आनि त्या खड्डानं?"

"खड्ड्याचा काय संबंध? ही केस शिव्यांची आहे."

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या सनदेची लाज वाटली. "भटू, तू त्या गाया ऐक्यात का? मी काय काय बोलनू, तुले म्हाईत शे का? त्यामा खड्डाच व्हता. दुसरं काय व्हतं?"

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. शब्द अश्लील होते हे ठरवायचं तर नेमके शब्द कोर्टापुढे यायला हवेत. ते सांगणार कोण? ज्याचा अपमान झाला तो. आणि अपमान झालेल्या माणसाला शब्द न् शब्द पाठ असतो. गावात लोटनच्या तोंडून खड्ड्याबद्दल एक अक्षर निघत नव्हतं. पण स्वतःच्या अब्रूसाठी तो शपथ घेऊन सगळं घडाघडा म्हणणार होता.

"मंग मी गुन्हा कबूल करी टाकू?" अक्का म्हणाली. "दिन्या मी गाया. आखो देसू."

"कबूल केलास तर साक्षच होत नाही. दोन मिनिटांत शिक्षा आणि घरी."

"मंग नही कबूल," ती म्हणाली.

मी तिला सरळ सांगितलं, हे केलंस तर शिक्षा होईल. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिचं नाव लागायचं जवळजवळ पक्कं झालं होतं. चार पैसे घरात येणार होते, आणि खरं तर तिला ती पोरं हवी होती. तिला स्वतःचं मूल नव्हतं. शिक्षा झालेल्या बाईला तिथे कोण घेणार? अक्काने बोटातली जोडवी दोनदा फिरवली. मग म्हणाली, "भिकी रोज माले इचारस, अक्का, मना डोयाच फुटेल व्हतात का. तू जाय पुढे."

कोर्टात लोटन कडक इस्त्रीच्या धोतरात आला होता. सरकारी वकिलांकडे त्या दिवशी खूप केसेस, त्यांनी कागद आधी वाचलेला नव्हता. त्यांनी विचारलं, आरोपीने काय केलं? लोटन म्हणाला, "साहेब, तिनी माले मोठमोठल्या गाया दिन्यात."

मॅजिस्ट्रेट साहेबांनी पेन खाली ठेवलं. "किती दिल्या?"

"मोज्यात नही साहेब. पाऊन घंटा दी राहिंती."

"आणि त्या आता कुठे आहेत?"

लोटन गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. खरं सांगतो, माझी जीभ वळवळत होती. आता उठलो तर केस खिशात. मी अक्काकडे पाहिलं. ती आरोपीच्या पिंजऱ्यात पदर खोचून उभी होती आणि तिच्या ओठांवरून मला स्पष्ट कळलं की ती कोणती गाय मला देते आहे.

सरकारी वकील जळगावकडचे. त्यांनी हसू दाबत खुलासा केला की इकडे गाया म्हणजे शिव्या. साहेब ओशाळले, फिर्याद पुन्हा वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा दिवंगत आईबद्दलचा आदर मावळला.

उलटतपासणीला मी उठलो. "लोटन नाना, शिव्या नेमक्या कोणत्या, ते शब्द सांगा."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, आपण आरोपीचेच वकील आहात ना?"

"होय साहेब. तिच्याच सांगण्यावरून विचारतोय."

लोटन आधी लाजला. मग साहेब म्हणाले, शब्द कळल्याशिवाय ते अश्लील आहेत हे ठरवता येणार नाही. झालं. महिनोन् महिने पोटात साठलेलं बाहेर आलं. "साहेब, ही बाई म्हने, मुर्दा लोट्या! चार दिन झायात, भिकी तुना खड्डामा पडनी, तू आजून वर एक फयी टाकी नही." पुढचे तीन शब्द ऐकून टंकलेखकाचे हात थांबले. साहेबांनी खाकरून ते टाइप करायला सांगितले. "मंग म्हने, ती पडाना आठ दिन आगोदर मी तुना दारमा ईसन सांगं व्हतं, काटा तरी लाव, कोनी तरी मरी. तवय तू दात काढात." पुन्हा तीन शब्द, या वेळी मयत आईच्या नावाने.

मी विचारलं, "ती आधी सांगायला आली होती?"

"हो, उनथी ना! तवयबी गायाच दिन्यात!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हनसू? मी म्हनं, अक्का, झाकन पुढला हप्तामा येनार शे, एवढं काय मनवर लेस."

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे बाई पडली तेव्हा खड्डा उघडा होता. आणि तो उघडा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो साहेब," लोटन त्रासून म्हणाला, "पन त्या गायासनं काय?"

साहेबांनी ते वाक्य तसंच्या तसं टाइप करून घेतलं आणि त्याखाली लोटनची सही घेतली.

अक्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली, बठ्ठं खरं शे, म्हणजे सगळं खरं आहे. तिला कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. माझी पहिली केस मी अशी हरलो की अशिलाने निकाल लागल्यावर माझी पाठ थोपटली. ती संध्याकाळपर्यंत बाकावर बसली आणि पुढच्या प्रत्येक केसवर शेजारच्या शिपायाला कुजबुजत आपला निकाल देत राहिली. त्यातले दोन साहेबांच्या निकालाशी जुळले, असं शिपाई मला नंतर म्हणाला. अंगणवाडीचं काम गेलं. महिन्याभरात तिथे दुसरी बाई लागली. अक्काने मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि ऐकवला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या जबाबाच्या नकलेवर भिकुबाईचा दावा उभा राहिला आणि तो पुढे आम्ही जिंकलो. पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं. मी अक्काला सोडायला गावी गेलो. ती घरात न शिरता थेट भिकुबाईच्या ओसरीवर गेली. भिकुबाई खाटेवर उशाला टेकून बसली होती, कुबडी भिंतीला लावलेली. अक्काला बघून तिने तोंड फिरवलं. शिक्षेची बातमी आमच्याआधीच गावात पोचली होती. तिला वाटलं, अक्का शिक्षा होऊन आली ती आपल्यामुळेच.

"काय व, थोबाड काय फिरावस?" अक्का म्हणाली. "लोट्या बोलना. शपथ घीसन बोलना. खड्डा उघडा व्हता, त्याले म्हाईत व्हतं, मी त्याले सांगेल व्हतं. कागदवर शे. त्याखाले त्यानी सही शे."

भिकुबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"म्हंजे," ती म्हणाली, "मनी चूक नही व्हती?"

अक्का खाटेच्या कडेवर बसली. मी वाट बघत होतो की आता एक सणसणीत गाय ऐकू येईल. आली नाही. तिने भिकुबाईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"नही व माय," अक्का म्हणाली. "तुनी काहीच चूक नही व्हती."